निहिराचे चार जादा किलो

नऊ वर्षांच्या निहिरा भोइटेला फक्त चार किलो आणि दोन सेंटिमीटर जास्तीचे हवे होते, तेही तासाभरापुरते. तेवढ्याच्या बदल्यात तिला मिळणार होता आखाड्यातला वीस फुटी दोर आणि त्या दोरावर रोज साडेपाच ते सातची जागा. सकाळच्या दोन गोळ्यांपैकी एकीपासून सुटकाही होणार होती. शिवाय एका मोठ्या यंत्राच्या बोगद्यात शिरायचं घाटत होतं, ते टळलं असतं ते वेगळंच. इतकं थोडं देऊन इतकं मिळत असेल, तर तुम्ही-आम्हीही एकदा इकडेतिकडे बघितलंच असतं.

आता कोडं असं, की हृदयाच्या तपासणीला जाताना वजन कशाला वाढवायचं? मोठी माणसं तर डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर गोड सोडतात आणि काट्यावर उभं राहून पोट आत घेतात. (पोट आत घेतल्यानं वजन कमी होत नाही, तरी घेतात.) निहिरा मात्र उलटी निघाली होती. ट्रॅकपँटच्या आत दोन्ही पायांना तिनं दीड-दीड किलोच्या वाळूच्या पट्ट्या बांधल्या होत्या. दोरीच्या मल्लखांबाच्या मुली पायांत ताकद यावी म्हणून सरावाला बांधतात, त्या. तिची मैत्रीण जुई हिनं त्या गुपचूप दिल्या होत्या, "सोमवारी परत दे हं, ताई मोजून ठेवतात," या बोलीवर. (ताई म्हणजे आखाड्यात शिकवणाऱ्या.) जाड मोज्यांच्या आत वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे होते. आणि एसटीतून उतरल्या उतरल्या तिनं बाटलीभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकवलेलं पहिल्यांदाच कशाच्या तरी उपयोगी पडलं.

एसटीला ड्रायव्हर नव्हता. त्या वर्षापर्यंत गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या होत्या. कंडक्टर मात्र होता, कारण खिडकीच्या जागेवरून भांडण लागलं की ते सोडवणारं यंत्र अजून कुणाला जमलं नव्हतं. त्या खिडकीत निहिरा बसली होती आणि शेजारी तिचे आजोबा, म्हणजे आप्पा. आईबाबा पुण्याला नोकरीवर. त्यामुळे दर तीन महिन्यांनी तिला बालहृदय केंद्रात न्यायचं काम आप्पांकडे.

आप्पांचं वय शहात्तर. त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढली होती. उसाचा ट्रक काट्यावर चढला, की आकडा दिसायच्या आधी ते टायरकडे बघून वजन सांगायचे. मोळ्यांखाली दगड घालणारे, ऊस भिजवून आणणारे, भरल्या गाडीच्या वेळी आत बसून राहणारे आणि रिकामीच्या वेळी हळूच खाली उतरणारे, असे सगळे त्यांनी पकडले होते. एकही खोटी चिठ्ठी त्यांच्या सहीनं बाहेर पडली नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नसत. इतर मुलांना निजताना राजाराणीच्या गोष्टी मिळतात. निहिराला काट्यावरच्या लबाड्या मिळाल्या. मग मुलगी काय शिकणार?

निहिराचं दुखणं चार वर्षांपूर्वीचं. पाच वर्षांची असताना तिला सहा दिवस ताप आला. डोळे लाल, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, आणि मग बोटांच्या टोकांची साल निघायला लागली. त्याला कावासाकी आजार म्हणतात (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक ताप). ताप गेला, पण जाताना हृदयधमनीत खूण ठेवून गेला. हृदयधमनी म्हणजे खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारी नळी. हृदय सगळ्या अंगाला रक्त पाजतं, पण स्वतःसाठी त्यालाही वेगळी नळी लागते. निहिराच्या नळीची भिंत सुजून ढिली झाली आणि तिथं फुगवटा आला.

"उसाच्या पाइपलाइनला एखाद्या जोडाजवळ फुगा येतो बघ," आप्पांनी तिला सांगितलं होतं. "तिथं पाणी गोल गोल फिरत बसतं आणि गाळ धरतं. तुझ्यात गाळ म्हणजे रक्ताची गुठळी. म्हणून गोळ्या."

एक गोळी जन्मभर चालेल अशी, साधी. दुसरी जास्त कडक. ती चालू असताना पडलं-झडलं तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून दोर बंद. वीस फुटांवरून पाय निसटला तर काय, याचं उत्तर घरात कुणालाच द्यायचं नव्हतं.

आजारी पडायच्या आधी निहिरा जेमतेम चार महिने आखाड्यात गेली होती. पण तेवढ्यात तिला अंगठ्याची पकड आली होती. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि त्यावर अंग तोलायचं. त्या बेचक्यात घट्टा पडतो. जुईचा घट्टा आता चिंचोक्याएवढा टणक झाला होता. निहिराचा कधीच विरघळून गेला होता. ती दुपारी पलंगावर पडून परकराची नाडी बोटांत धरून बघायची, तर कातडी मऊ लागायची, एखाद्या बाळाच्या पायासारखी. रोज साडेपाचला ती आखाड्याच्या भिंतीवर जाऊन बसायची. वरच्या मुलीनं दोराला वेढा कुठून घ्यावा, हे तिला खालून आधी कळायचं. ताई म्हणायच्या, "निहिरा, तू वर असतीस तर मला ओरडावं लागलं नसतं." ताईंना वाटायचं, आपण तिचं कौतुक करतोय.

केंद्राच्या दारातच वजनाचा काटा होता आणि काट्यापाशी शेवाळे सिस्टर.

"बूट काढ बाळा. मोजे?"

"गार लागतं," निहिरा म्हणाली. जानेवारी होता, त्यामुळे ते खरंही होतं.

"राहू देत. बत्तीस दोनशे! अगं, मागच्या खेपेला अठ्ठावीसच्या आसपास होतीस. काय खाल्लंस?"

"मामाकडे गेले होते."

"असा मामा मला का नाही," असं म्हणत सिस्टरनी आकडा लिहिला. उंची एकशे बत्तीस.

या केंद्रातलं यंत्र छातीच्या आतली केसाएवढी हालचाल टिपायचं, पण वजन आणि उंची अजून माणूसच दारात उभं राहून लिहून घ्यायचं. इतकी साधी गोष्ट यंत्राकडे द्यावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

आप्पा मागे उभे होते. निहिरा काट्यावरून उतरून चालायला लागली, तेव्हा त्यांची नजर आपसूक तिच्या पावलांवर गेली. भरलेली गाडी चढाला लागावी तशी ती पावलं पडत होती. मागच्या खेपेला डॉक्टरांनी "वजन का वाढत नाही?" म्हणून तिला टोकलं होतं. आप्पांना वाटलं, बोलणी चुकवायला केलंय पोरीनं काहीतरी. जाऊ दे. ते गप्प बसले.

आतल्या खोलीत जेलीमावशी वाट बघत होती. जेलीमावशी म्हणजे इको तपासणी करणारा यंत्रमानव. त्याचं खरं नाव सोळा अक्षरी होतं, पण छातीला गार जेली लावणारा म्हणून मुलांनी त्याची मावशी करून टाकली होती आणि त्यानंही ते मान्य केलं होतं.

"गार लागेल. माफ कर," ती दर वेळेसारखं म्हणाली आणि लांब बोटांतली गुळगुळीत गोटी निहिराच्या बरगड्यांमधून फिरवू लागली. गोटीतून श्राव्यातीत ध्वनी (कानाला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीचा आवाज) आत जायचा, हृदयावर आपटून परत यायचा आणि त्या परतलेल्या आवाजातून पडद्यावर चित्र उमटायचं. विहिरीत ओरडल्यावर आवाज परत येतो, तसंच. फक्त जेलीमावशीचे कान इतके तिखट, की आवाज कुठल्या भिंतीवरून किती वेळात परतला त्यावरून ती भिंतीची जागा सांगायची.

"धमनीची रुंदी तीन पूर्णांक एक मिलिमीटर," जेलीमावशी म्हणाली. "मागच्या वेळेइतकीच. झेड-गुण दोन पूर्णांक चार. मागच्या वेळी दोन पूर्णांक सात होता. अभिनंदन, निहिरा. अडीचच्या खाली आलीस."

निहिरानं डोळे मिटून घेतले.

"थांबा की," आप्पा म्हणाले. "रुंदी तेवढीच. मग गुण कसा उतरला?"

चाळीस वर्षं आकड्यांसमोर बसलेल्या माणसाला हे न विचारता राहवलं नसतं, आणि निहिराला नेमकं याच प्रश्नाचं भय होतं. तिनं स्वतः हाच प्रश्न तीन महिन्यांपूर्वी मावशीला विचारला होता. जेलीमावशी कुणालाही खरं उत्तर देते, हा तिचा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा.

"तीन मिलिमीटर हा आकडा एकटा मुका असतो," जेलीमावशी म्हणाली. "तीन मिलिमीटरची धमनी धिप्पाड पोराच्या छातीत अगदी साधी, आणि तान्ह्या बाळाच्या छातीत भयंकर. म्हणून मी विचारते, कुणाच्या अंगात? निहिराच्या अंगकाठीच्या (उंची आणि वजन मिळून ठरणाऱ्या आकाराच्या) शंभर धडधाकट मुली मनात ओळीनं उभ्या करायच्या. त्यांच्या धमनीची सरासरी निघते दोन पूर्णांक तीन. सगळ्या काही नेमक्या सरासरीवर नसतात, थोड्या इकडेतिकडे असतात. हे इकडेतिकडे साधारण किती, ते काढायचं. ते झालं एक पाऊल. निहिरा सरासरीपासून किती पावलं दूर आहे, तो झेड-गुण. दोन पावलांच्या आत बहुतेक सगळ्या मुली येतात. अडीचच्या पुढं गेलं, की आम्ही त्याला फुगवटा म्हणतो."

"आणि तीन महिन्यांत...?"

"निहिरा चार किलोनं वाढली. म्हणून मी तिला जरा मोठ्या मुलींच्या ओळीत उभं केलं. त्यांची सरासरीच मोठी. तीच धमनी त्या ओळीत कमी वेगळी दिसते."

आप्पांनी निहिराच्या पायांकडे बघितलं. चादरीखालून ट्रॅकपँटचे घोटे जाड दिसत होते. कोडं उलगडलं. पट्ट्या बोलणी चुकवायला नव्हत्या. पोरीनं माप बदलता येत नाही म्हणून ओळ बदलली होती. कारखान्यातला एकही ड्रायव्हर इतका हुशार नव्हता.

तेवढ्यात डॉ. रेणुका शिधये आत आल्या. पडदा बघून त्या हसल्या. "वा! ठरलं होतं तसं करू या. गुण वर राहिला असता तर सीटी स्कॅन करून धमनी टोकापर्यंत बघणार होते. आता त्याची घाई नाही. दुसरी गोळी बंद. आणि दोर... हळूहळू, ताईंच्या देखरेखीखाली."

निहिरानं पायाची बोटं आवळली, जणू मध्ये काहीतरी धरलं होतं. ते आप्पांनी पाहिलं. बोलायची वेळ हीच होती. आप्पा बोलले नाहीत. डॉक्टर कागद तयार करायला शेजारच्या खोलीत गेल्या, तरी ते बोलले नाहीत. चार वर्षं रोज संध्याकाळी ही पोर भिंतीवरून उतरून घरी येताना ते दारात उभे असायचे. तिला भिंतीवर नाही, दोरावर बघायचं त्यांनाही होतं. नेमकं किती, ते कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी ते जेलीमावशीलाच म्हणाले, "तू बघितलंस, म्हणजे धमनी सगळी चांगली आहे ना?"

"सगळी मला दिसली नाही," जेलीमावशी म्हणाली. "सुरुवातीचे दोन सेंटिमीटर नीट दिसले. निहिरा लहान होती तेव्हा मी बरगड्यांच्या फटीतून जास्त आत बघू शकत होते. आता तिची छाती मोठी झाली, मध्ये फुप्फुस येतं. फुप्फुसात हवा असते आणि हवेपाशी माझा आवाज अडतो. मी घराचं दार बघितलं. माजघर बघितलेलं नाही."

"मग डॉक्टर दोरावर चढ कशाच्या जिवावर म्हणाल्या?"

"दाराचा गुण उतरला, याच्या जिवावर."

"आणि वजन चुकीचं असलं तर?"

"तर माझं उत्तर चुकीचं. आणि मला ते कळणारही नाही. मला जे लिहून दिलं जातं त्यावर मी विश्वास ठेवते."

आप्पा उठले. दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली. "सिस्टर, जरा या. पोरीला पुन्हा काट्यावर घ्यायची आहे." मग वळून म्हणाले, "निहू, पट्ट्या सोड. पायातलं काय ते काढ."

"आप्पा!"

"सोड."

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" निहिरा उठून बसली. तिच्या छातीवरची जेली ओघळत होती. "तुम्ही गप्प बसला होतात ना? मग गप्पच बसायचं होतं!"

पट्ट्या निघाल्या, पुठ्ठे निघाले. एकदा जाऊन शू करूनही यावं लागलं. काटा म्हणाला अठ्ठावीस किलो तीनशे. उंची एकशे तीस. जेलीमावशीनं ओळ बदलली, आणि गुण परत दोन पूर्णांक सात झाला. धमनी जिथल्या तिथंच होती.

डॉ. शिधये आल्या तेव्हा टेबलावर वाळूच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी एक उचलून तोलली.

"हे शिकवलं कुणी?"

"मीच," आप्पा म्हणाले. "गोष्टींतून. आणि डॉक्टर, मला दिसलं होतं. दारातच थोडं. इथं खुर्चीवर बसल्यावर पूर्ण. तुम्ही दोर म्हणालात तेव्हा मी बोललो नाही."

चाळीस वर्षांची ती गोष्ट, एकही खोटी चिठ्ठी न सोडल्याची, आता त्यांना कुणालाच सांगता येणार नव्हती. शेवाळे सिस्टर "अगं बाई, मी आपली मामाचं कौतुक करत बसले," असं म्हणून कागद बदलायला गेल्या. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढून निहिरासमोर ठेवलं.

"ऐक. आमच्याकडं चार यंत्रं आहेत. प्रत्येक तुला एक चित्र देतं आणि बदल्यात तुझ्याकडून काहीतरी घेतं. जेलीमावशी काय घेते?"

निहिरा मोजे परत पायात चढवू लागली.

"अर्धा तास आणि जेली," जेलीमावशीनं स्वतःच सांगितलं.

"म्हणून तिच्याकडं तुला पन्नास वेळा पाठवते. पण ती दारापर्यंत. सीटी स्कॅन टोकापर्यंत दाखवतो. तो घेतो हातात एक सुई, पाच सेकंदांचा रोखलेला श्वास, आणि तुझ्या अंगातून चिमूटभर क्ष-किरण (हाडापर्यंत आरपार जाणारा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश) जातात. एका चिमटीनं काही होत नाही. पण वाढत्या अंगाच्या पेशी नाजूक, आणि तुला अजून पुष्कळ जगायचंय. चिमटी चिमटीची बेरीज होते. म्हणून मुलांच्या बाबतीत आम्ही चिक्कू असतो."

"आणि एमआरआय?" आप्पांनी विचारलं. निहिराला विचारायचं होतं, पण तिनं बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

"तो चुंबकावर चालतो. क्ष-किरण अजिबात नाहीत. तो स्नायू दाखवतो, रक्त कुठं पोचतंय आणि कुठं नाही ते. पण तो घेतो पाऊण तास. त्यात हलायचं नाही आणि कानाशी दणदणाट. तान्ह्या मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते. चौथं म्हणजे कॅथेटर. मनगटातून किंवा जांघेतून शेवयीसारखी बारीक नळी रक्तवाहिनीतून थेट धमनीच्या तोंडापर्यंत न्यायची. सगळ्यांत बारकाईनं तेच दाखवतं, आणि सगळ्यांत जास्त तेच घेतं. ते शेवटी, खरंच गरज असेल तेव्हा. भारी यंत्र आधी वापरणारा डॉक्टर मोठा नसतो गं. कमीत कमी घेऊन पुरेसं बघणारा असतो."

त्याच दिवशी सीटी झाला. सुई टोचली. रंगद्रव्य (रक्ताला चित्रात उठून दिसायला लावणारं औषध) आत गेलं तेव्हा निहिराच्या अंगभर ऊन पसरल्यासारखं वाटलं. "श्वास धर," जेलीमावशी म्हणाली. धडधडत्या हृदयाचा फोटो हलतो. जुन्या यंत्रांना त्यासाठी बरेच ठोके लागायचे. या यंत्राला एक पुरला.

थोड्या वेळानं खोलीच्या मधोमध हवेत निहिराचं हृदय तरंगत होतं, टरबुजाएवढं करून. डॉक्टर त्याच्याभोवती फिरत होत्या. आप्पा चष्मा पुसून आले.

"हा दारापाशी जुना फुगवटा. छान आकसलाय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे दुसऱ्या वळणापुढचं बघा."

आप्पांना सांगावं लागलं नाही. शेतातल्या पाइपलाइन आणि पाट बघत आलेले डोळे होते. "हा दुसरा फुगा. आणि त्याच्या लगेच पुढं नळी चेपली आहे. निम्मी."

"जुनी सूज भरून येताना भिंत आतून जाड होते. त्यानं वाट अरुंद झाली. जेलीमावशीला हे कधीच दिसलं नसतं."

निहिरा बघत होती. हे ती स्वतः होती, तिच्या आतली एक बारीकशी गल्ली. आपण आता दोरावर असतो तर? डॉक्टरांनी तिच्याकडं न बघता तेवढ्याचंच उत्तर दिलं. "बसल्या जागी हृदयाला लागतं त्याच्या कितीतरी पट रक्त दोर चढताना लागतं. या गल्लीतून ते पोचलं असतं का, ते आज मला माहीत नाही. आणि दुसरी गोळी बंद केली असती, तर या फुग्यात गुठळी धरली असती का, तेही नाही. तेच बघायला दुपारी एमआरआय."

एमआरआयमध्ये निहिरा पाऊण तास हलली नाही. हृदयाला पळाल्यासारखं वाटावं असं औषध दिलं होतं, पण ती आडवीच होती. बाहेर येऊन तिनं कुणालाही विचारलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं. "स्नायूला सगळीकडं रक्त पोचतंय. आणि हे बघ, इथं केसाएवढ्या नव्या वाहिन्या फुटल्यात. गल्ली अरुंद झाल्यावर तुझ्या हृदयानं शेजारच्या शेतातून पाऊलवाट पाडली आहे. त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. दोन्ही गोळ्या चालू. वर्षानं पुन्हा बघू. तेव्हा हा फोटो आजच्या शेजारी ठेवू, म्हणजे गल्ली रुंदावतेय की आवळतेय ते कळेल. तोवर यंत्रंही आणखी कमी घेणारी येतील."

"आणि दोर?" हे निहिरानं विचारलं.

"यंदा नाही."

ती रडली नाही. जेलीमावशी म्हणाली, "आजपासून उंची आणि वजन मीच घेणार आहे. मी मागणी केली आहे."

निहिरा आठ दिवस आप्पांशी बोलली नाही. ताट वाढलं की गप्प घ्यायची. गोष्ट नको म्हणायची. पट्ट्या सोमवारी परत गेल्या. ताईंनी मोजल्या, दोन भरल्या.

नवव्या दिवशी ती आखाड्याच्या भिंतीवर बसली होती. आप्पा काठी टेकत आले आणि दोन हात अंतर ठेवून बसले. दोरावर जुई होती, उलटी, एका वेढ्यावर, हात मोकळे सोडून. वाऱ्यानं दोर जरासा फिरत होता आणि तीही फिरत होती.

"वर्ष काय गं," आप्पा समोर बघत म्हणाले. "असं जाईल."

"तुमचं जाईल," निहिरा म्हणाली. "माझं नाही जाणार."

आठ दिवसांनी आवाज ऐकून आप्पांना आधी बरं वाटलं, मग अर्थ कळला. "वर्ष दोघांचं सारखंच की. तीनशे पासष्ट दिवसांचं."

"मिलिमीटर पण सारखेच असतात, आप्पा. कुणाच्या अंगात, ते विचारायचं असतं." ती बोटं मोजत होती. "तुमची झाली शहात्तर. त्यात एक म्हणजे काहीच नाही. माझी नऊच झालीत. माझ्या अख्ख्या आयुष्याचा नववा हिस्सा आहे हे वर्ष."

आप्पांनी मनातल्या मनात भागाकार करून बघितला. बरोबर होता. पोरीला कल्पना पुरती समजली होती, जेलीमावशीनं सांगितली त्याहून एक पाऊल पुढं.

"पुढच्या वर्षी बघू या दोघं," ते म्हणाले. "मी सोबत येतो."

"पुढच्या वर्षी मी दहाची असेन. मग दहावा हिस्सा. कमी होत जातं ते," निहिरा म्हणाली आणि सरकून दोन हातांचं अंतर एका हातावर आणलं.

जुई दोरावरून सरसर खाली आली. दुसरी मुलगी चढली.

तर त्या दिवसात कुणी काय दिलं? जेलीमावशीनं अर्धा तास दिला. डॉ. शिधयेंचं दुपारचं जेवण गेलं. निहिरानं एक सुई, पाच सेकंदांचा श्वास, चिमूटभर क्ष-किरण आणि एका वर्षाचा दोर दिला, तोही नवव्या हिश्शाच्या भावानं. आप्पांनी चाळीस वर्षं सांगत आलेली एक गोष्ट दिली आणि आठ दिवसांचा अबोला सोसला. दोराचं ते वर्ष मात्र त्यांच्याकडूनही गेलं. भिंतीवर बसून त्यांनी त्याचा हिस्सा काढला होता, झालेल्या वर्षांवरून नाही, उरलेल्या वर्षांवरून. आकडा नवव्या हिश्शाहून मोठा आला. तो त्यांनी निहिराला सांगितला नाही.